फासळ्यांमधला सूर्य

एक्स-रेच्या फिल्मवर फासळ्या जिथे पाठीच्या कण्याला मिळतात, तिथे काळा रंग सगळ्यात पातळ होता. प्रयोगशाळेतल्या शंभर वॅटच्या दिव्यासमोर मी ती फिल्म धरली. फुफ्फुसांच्या काळ्या भागातून दिवा म्हणजे नुसता तांबूस डाग दिसत होता. फिल्म बोटभर सरकवली आणि कण्याशेजारच्या फिकट पट्टीतून दिव्याच्या आतली तार दिसली, वेटोळ्यांसकट. पुन्हा सरकवली, तार नाहीशी झाली.

टेबलावर अशा फिल्मांचा गठ्ठा होता. कुणाची छाती, कुणाचा मोडलेला हात, एक कवटी. आठवीतल्या एका मुलाचे वडील इस्पितळात कामाला होते. तिथे रद्दीत निघालेल्या फिल्मा त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना, तावडे सरांना, आणून दिल्या होत्या. प्रत्येक फिल्मचे चार तुकडे करायचे, कडांना चिकटपट्टी लावायची आणि ग्रहणाच्या दिवशी एकेक तुकडा एकेका मुलाच्या हातात द्यायचा, असं ठरलं होतं. कापायचं काम माझ्याकडे होतं.

मी एकामागून एक फिल्म दिव्यासमोर धरली. हाड आलं की तार दिसायची. हाड नाही अशी फिल्म त्या गठ्ठ्यात एकही नव्हती, कारण हाड बघायलाच ती काढलेली असते.

हे ऐंशी सालच्या जानेवारीचं. सोळा फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण होतं. कारवारपासून हैदराबादकडे एका पट्ट्यात खग्रास आणि मुंबईत सूर्याची कोर उरेल इतकं. घाटकोपर पूर्वेच्या आमच्या शाळेत मी नववी-दहावीला शास्त्र शिकवायची. नाव राधा वाघमारे. पण शाळेत पूर्ण नाव कोण घेतो, वाघमारे बाई.

ग्रहणाच्या निमित्ताने तावडे सरांना एक प्रदर्शन हवं होतं, ‘देशोदेशीची मुलं आकाश कसं शिकतात’. माहिती जमवायला त्यांनी मला शनिवारची अर्धी सुट्टी दिली होती. मी वकिलातींच्या ग्रंथालयांत जाऊन पुस्तिका आणल्या, तक्ते केले. रशियात शेवटच्या वर्गाला खगोल हा स्वतंत्र विषय होता. तिथल्या चित्रांत दुर्बिणीवर नेहमी शिक्षकाचा हात असायचा. जपानी मुलं घराच्या खिडकीतून महिनाभर चंद्र काढत, रोज त्याच खिडकीतून. अमेरिकेत पोरांना मैदानात उभं करून त्यांनाच ग्रह करत. एक पोर गुरू, एक शनी, आणि सूर्य म्हणजे मधे ठेवलेला फुटबॉल. इंग्लंडात रेडिओवर धडे होते. शेवटचा तक्ता ‘आपण’ असा होता. आपल्या पुस्तकात या विषयाला अडीच पानं होती आणि खाली गाळलेल्या जागा. तो तक्ता मी कोराच ठेवला होता. काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं असं नाही.

शिक्षकांच्या खोलीत सुलक्षणा परब माझ्या शेजारी बसायची. मराठी शिकवायची. सहावा महिना चालू होता तिला, आणि थट्टा करायची असली की ती मालवणीत शिरायची.

“काय गो राधा, तुझो रशिया काय म्हणता?”

“रशियात शिक्षक दुर्बीण सूर्याकडे लावतो आणि मागे पांढरा पुठ्ठा धरतो. मुलं पुठ्ठ्याकडे बघतात.”

“आणि अमेरिका?”

“खोक्याला बारीक भोक पाडतात. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. उजेड मागून खोक्यात येतो, आत सूर्याचं चित्र पडतं.”

“म्हणजे वर कोणीच बघत नाही.” ती डबा बंद करता करता थांबली. “अगं, आमच्या सासूबाई पण तेच सांगतायत. त्यासाठी खास देवगडाहून आल्यात. वर बघायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, आडवी पडून राहा. उगाच एवढा खर्च केला त्या देशांनी. सासूबाईंना विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.”

मी हसले. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. सासूबाईंचं आणि शास्त्राचं वाक्य लांबून एकसारखंच ऐकू येत होतं.

फिल्म घेऊन मी तावडे सरांकडे गेले. त्यांच्या टेबलावरच्या दिव्यासमोर धरून दाखवली.

“दिसली तार,” ते म्हणाले. “मग? काळ्या भागातून बघतील.”

“मुलांचे हात हलतात, सर. आणि काळ्या भागातूनही डोळ्याला त्रास होत नाही म्हणून ती जास्त वेळ बघतील. त्रास होत नाही म्हणजे इजा होत नाही असं नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही.”

“दोन-दोन सेकंद बघतील. शिट्टी माझ्या हातात आहे.” त्यांनी ड्रॉवरमधून मीच आणून दिलेली जपानी पुस्तिका काढली. एका पानावर मुलांची रांग होती, हातात काळ्या सेल्युलॉइडचे तुकडे, सगळे चेहरे वर. “हे बघा. जपान मागासलेला आहे का?”

“ते सेल्युलॉइड सगळीकडे सारखं काळं आहे. आणि तेसुद्धा पुरेसं आहे की नाही, मला शंका आहे. खोकी करू या, सर. चपलांच्या दुकानातून रिकामी मिळतील.”

“खोकी पण करा. कोण नको म्हणतंय?” मग ते खुर्चीत मागे रेलले. तावडे सर वाईट माणूस नव्हते. “बाई, लालबागला आमच्या खोलीत ग्रहण लागलं की आई मला घोंगडीखाली घालायची. वडील गिरणीतून आले तरी बाहेर काढायची नाही. मी तिथे घामाघूम होऊन बसायचो, आणि बाहेर आकाशात काय होतं ते मला अजून ठाऊक नाही. या पोरांनी मान वर करून बघावं एवढंच मला हवंय. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतोय. त्याने काय काढायचं, पाठी? लोक म्हणतील, घाटकोपरची पोरं ग्रहणाला घाबरून तोंड फिरवून उभी होती.”

मी फिल्म गुंडाळली.

“आणखी एक,” ते म्हणाले. “तुमच्या वडिलांबद्दल ऐकलं मी. आपला शिपाई भीमराज सांगत होता, तुमच्या वस्तीतला. ग्रहणाचा तो किस्सा. त्यांनाच बोलावू या. गच्चीवर, सुरुवातीला. अंधश्रद्धेवर दोन शब्द.”

तो किस्सा असा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या गावात ग्रहण सुटायला लागलं की आमच्या वस्तीतली माणसं टोपल्या घेऊन गावात जायची आणि दारोदार ओरडायची, दे दान, सुटे गिरान. गाव वरून धान्य टाकायचं, जुने कपडे टाकायचं. गावातले लोक परातीत पाणी घेऊन त्यात ग्रहण बघायचे, आणि ती परात आमच्या सावलीपासून लांब ठेवायचे. धर्मांतर झालं आणि वस्तीने हे सगळं सोडलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी ग्रहण आलं. माझे वडील, धोंडिराम वाघमारे, तेव्हा सुट्टीवर गावी आलेले. त्यांनी ठरवलं की आज दान मागायला कोणी जाणार नाही, आणि परातीतही कोणी बघणार नाही. थेट बघायचं. गाव सांगत होतं, गिरान बघाल तर आंधळे व्हाल. आबांनी मला, नऊ वर्षांच्या पोरीला, वस्तीच्या तोंडाशी दगडावर उभं केलं. हातात काजळी धरलेली काच दिली. “बघ,” म्हणाले. “सुटेपर्यंत बघ. पापणी लववू नको.”

मी बघितलं. काच हातात गरम झाली, माझ्या अंगठ्याने काजळी पुसली गेली, आणि मग काचेतून बघण्यात आणि नुसतं बघण्यात फरक उरला नाही. ऊन कोवळं होतं. डावा डोळा आपसूक मिटला, उजवा मी उघडा ठेवला. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. ते स्वतः सूर्याकडे बघत नव्हते. ते गावाकडे बघत होते, गावातले लोक आपल्याकडे बघतात की नाही ते.

किस्सा इथे संपायचा. दर चौदा एप्रिलला आबा तो सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, पोर आंधळी झाली नाही, पोर बी.एस्सी. झाली.

उरलेलं फक्त मला आणि आईला माहीत होतं. त्या दिवसापासून माझ्या उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नसतं. माणसाकडे बघितलं तर कान दिसतात, केस दिसतात, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. मी सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटते हे आईच्या लक्षात आलं. तिने मला चुलीमागे नेलं. “आबांना सांगू नको,” ती म्हणाली. “गावाला कळलं तर गाव म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो. आणि ते मोडतील गं.” आई, शांताबाई, गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. मी सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्याने शिकले, डाव्या डोळ्याने सूक्ष्मदर्शकात बघितलं. पुढे कॉलेजात डोळ्याची रचना शिकताना त्या डागाचं नाव आणि कारण दोन्ही कळलं. तोवर सांगण्याची वेळ टळून गेली होती, किंवा मी तशी समजूत करून घेतली होती.

संध्याकाळी मानखुर्दच्या घरी मी आबांना शाळेचं आमंत्रण सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस विहार आणि वाचनालय यांत जायचा.

“मुख्याध्यापक कोकणातले ना?”

“हो, तावडे.”

“आणि मला बोलावतात. ग्रहणाच्या दिवशी. तुझी आई पाहिजे होती.”

“आबा, पोरांना फिल्मा द्यायच्यात. त्या बऱ्या नाहीत.”

“बऱ्या नाहीत म्हणजे?”

“डोळ्याला इजा होईल.”

आबा हसले. “हे गाव पण म्हणत होतं.”

मी भाकरी थापायला घेतली. खिडकीतून देवनारच्या कचऱ्याचा धूर आत येत होता. त्याला आम्ही सरावलेलो होतो. पडदा ओढायचा आणि कामाला लागायचं.

त्याच धुराची मला त्या दिवसांत भीती वाटू लागली. हिवाळ्यात शाळेची प्रार्थना सुरू व्हायची तेव्हा सूर्य देवनारच्या बाजूने वर यायचा, धुरातून, लाल आणि कोमट, ताटलीसारखा. त्याच्याकडे सरळ बघता यायचं. ग्रहणाला आठवडा उरला तशी तावडे सरांनी प्रार्थनेनंतर एक सवयच लावली.

“सगळे सूर्याकडे बघा. काय करतोय तो? खातोय का तुम्हाला?”

“नाही, सर.” सगळं मैदान.

“वाघ आहे का तो?”

“नाही, सर.”

आणि सगळ्या माना वर. रोज थोडं जास्त वेळ. दोन-तीन दिवसांत लहान पोरं पैज लावायला लागली, कोण पापणी न लववता जास्त बघतो. मी रांगेच्या मागे उभी राहून ते बघत होते.

गुरुवारी मधल्या सुट्टीत फिल्मांची तालीम झाली. मी दोन संध्याकाळ बसून सगळ्यात काळे तुकडे वेगळे काढले होते, दोन-दोन एकावर एक चिकटवले होते. जेमतेम आठ-दहा निघाले. बाकीचे तुकडे सरांनी शिपायाकडून कापून घेतले. मैदानात पोरांची अदलाबदल चालली होती.

“ए, मला कवटी दे ना.”

“चल हट, तुझ्याकडे फासळ्या आहेत. फासळ्या झकास दिसतात. सूर्य जेलमध्ये टाकल्यासारखा.”

शिट्टी वाजली. माना वर झाल्या. मी मनात आकडे मोजत होते. दुसरी शिट्टी दोन सेकंदांनी वाजायची होती. फोटोग्राफरसाठी कोन कुठला घ्यायचा हे सर कोणाला तरी दाखवत राहिले आणि ती उशिरा वाजली. बऱ्याच उशिरा.

तासाला क्षमा माझ्या टेबलाशी आली. नववीतली, दोन घट्ट वेण्या, प्रश्न विचारल्याशिवाय ज्या मुलीचा तास जात नाही ती.

“बाई, वहीवर एक ठिपका दिसतोय.”

“कसला?”

“हिरवट. मी जिथे बघते तिथे तो आधीच असतो.”

माझ्या हातातला खडू मी खाली ठेवला. “डावा डोळा झाक. कॅलेंडरवरची तारीख वाच.”

“चौ...” ती थांबली. मान जराशी तिरकी केली. मान तिरकी कशासाठी करायची असते ते मला ठाऊक होतं. बावीस वर्षं मी ती तशीच करत होते. “चौदा.”

“आता उजवा झाक.”

“चौदा. हे स्पष्ट दिसतंय.”

मी तिला डोळे मिटून बसवलं. तास संपताना ती उठली, कॅलेंडरकडे बघितलं आणि हसली. “गेला, बाई. आता नाही.”

तिचा गेला. मी तिला पुन्हा दोनदा वाचायला लावलं आणि मग सोडलं.

तिथून मी सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सर फोनवर बोलत होते, वर्तमानपत्राच्या कचेरीशी. “हो, हो, थेट आकाशाकडे. बाकी मुंबई घरात बसणार, आमची मुलं गच्चीवर.” मी दाराशी उभी राहिले. वाक्य तयार होतं. पण ते वाक्य बोलले तर पुढे काय होईल तेही दिसत होतं: ते आधी शिक्षकांच्या खोलीत जाईल, तिथून पालकांकडे, तिथून मानखुर्दला. शास्त्राच्या बाईंचा डोळा ग्रहणाने गेला. त्यातला ‘शास्त्राच्या बाईंचा’ हा भाग लोक चवीने सांगतील. आणि आबा ते विहाराच्या पायरीवर कोणाच्या तरी तोंडून ऐकतील.

सरांनी फोन ठेवला. “काय, बाई?”

“खोकी किती लागतील ते विचारायला आले होते.”

“करा की पाच-दहा,” ते म्हणाले.

मी वर्गातल्या प्रत्येकाला पुरतील इतकी केली. शुक्रवारभर दुकानांतून खोकी आणली, आतून पांढरा कागद लावला, दुसऱ्या टोकाला चांदीचा कागद चिकटवून त्यात टाचणीने भोक पाडलं. सुलक्षणा जाता जाता दारात थांबली.

“एवढी कशाला गं? सर तर फिल्माच देणार.”

“असू देत.”

ती आत आली, जड अंगाने स्टुलावर बसली. “राधा, तुला काहीतरी होतंय. ते काय आहे ते मी विचारत नाही. पण तू आठ दिवस झाले, कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीस.”

मी टाचणी भोकात फिरवत राहिले. ती उठून गेली.

शनिवारी जेवणानंतर मी आणि आबा बसने निघालो. आमच्याखेरीज बसमध्ये दोघं होती. पुढे तर रस्ताच रिकामा झाला. पानाची टपरी बंद, चहावाला बंद, घाटकोपरला रिक्षा नाही. दुपारी दोन वाजता सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. लोकांनी घरात बसावं म्हणून दूरदर्शनने खास सिनेमा लावला होता. एका पाठोपाठ एक चाळींतून तेच गाणं, आणि रस्त्यावर आम्ही दोघंच. कुठल्याशा तळमजल्यावर एका बाईने खिडकीची फट उघडून आमच्याकडे बघितलं आणि लावून घेतली.

“बघितलंस?” आबा म्हणाले. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. “अजून तेच.” पण त्यांचा आवाज खूश होता.

पालकांच्या चिठ्ठ्या आणलेली तीस-पस्तीस मुलं गच्चीवर होती. क्षमा पहिल्या रांगेत होती, हातात फासळ्यांचा तुकडा. सुलक्षणा आली नव्हती, यायची नव्हतीच. खोकी मी पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी रचून ठेवली होती. फोटोग्राफर टाकीवर चढून बसला होता.

अडीचच्या सुमाराला चंद्र सूर्याच्या कडेला लागला. तावडे सरांनी मला घड्याळाकडे बघायला सांगितलं, फोटो चांगला यायला सूर्य निम्म्याहून जास्त झाकला जायला हवा होता, तोवर फिल्मा खालीच. आम्ही थांबलो. ऊन पातळ होत गेलं. ढग आल्यावर होतं तसं नाही. आकाश स्वच्छ, आणि उजेडातून काहीतरी काढून घेतल्यासारखं. गच्चीच्या कठड्याची सावली सुरीने कापल्यासारखी झाली. शेजारच्या पिंपळाखाली, अंगणातल्या फरशीवर, पानांमधून पडलेले उन्हाचे कवडसे एकेक करून चंद्रकोरीच्या आकाराचे होत होते. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. ते कोणी बघत नव्हतं. कावळे झाडावर परतायला लागले. अंगाला लागणारा वारा गार झाला आणि पोरांचा गलका आपोआप खाली आला.

वर बघायला आता सोपं जाणार होतं. हेच त्यातलं वाईट. सूर्याचा जेवढा तुकडा उरला होता तो नेहमीइतकाच जाळणारा होता, पण डोळे दिपत नव्हते, आणि अंधुक उजेडात बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. तीस-पस्तीस पोरांच्या उघड्या बाहुल्या.

“आता आपले पाहुणे,” सर म्हणाले. “दोनच मिनिटं. मग शिट्टी.”

आबा पुढे आले. हात मागे बांधले. त्यांनी वस्ती सांगितली, टोपल्या सांगितल्या, परात सांगितली. पोरं ऐकत होती. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे राखेसारखे दिसत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच खांद्यावर.

“ही माझी पोरगी. तुमच्या बाई. नऊ वर्षांची होती. सबंध गिरान हिनं उघड्या डोळ्यांनी बघितलं. सगळं गाव म्हणत होतं, आंधळी होणार. झाली का? तुम्हीच सांगा.”

“नाही,” पोरं म्हणाली.

तावडे सरांनी शिट्टी ओठांशी नेली. क्षमाने तिचा तुकडा छातीपर्यंत उचलला होता. कण्याजवळची फिकट पट्टी वरच्या बाजूला आली होती. तिला ते ठाऊक नव्हतं.

“झाले, आबा,” मी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण गच्चीवर दुसरा आवाजच नव्हता. आबांचा हात खांद्यावर तसाच राहिला.

“उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. त्या सकाळपासून. आईला ठाऊक होतं. आत्ता डावा डोळा मिटला तर तुमचा चेहरा मला दिसणार नाही.”

आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे, यातला कुठला ते शोधत असल्यासारखं. मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं, “म्हणजे ग्रहणाने खरंच...”

“ग्रहणाने नाही,” मी म्हणाले. “सूर्याने. तो रोज एवढाच जाळतो. रोज आपल्याला वर बघवत नाही, आज बघवतं. एवढाच फरक. गावाचं चुकलं होतं, आणि आमचंही चुकलं होतं.”

“बाई,” तावडे सर हळू आवाजात म्हणाले. शिट्टी अजून त्यांच्या ओठांजवळ होती. टाकीवरून फोटोग्राफर विचारत होता, सुरू करायचं का. पश्चिमेला सूर्याची कोर आणखी बारीक झाली होती. मी तिकडे बघितलं नाही, ते फरशीवरच्या कोरींवरून कळत होतं.

मी क्षमाच्या हातातून फासळ्यांचा तुकडा काढून घेतला.

“सर, शिट्टी वाजवू नका. आज यातलं एकही मूल वर बघणार नाही. फिल्मा खाली ठेवा रे सगळ्यांनी. टाकीपाशी खोकी आहेत, एकेक घ्या, आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहा.”